तिसऱ्या हाळीआधी

रविवार, ६ जुलै १९५८

आज सकाळी साडेआठच्या सुमारास, खडकाळीतल्या चौथ्या काठीपाशी, मी पाण्याला घाबरलो. जन्मात पहिल्यांदा. झालं एवढंच. पण आता पूर्वीचं काही राहणार नाही, हे मला कळून चुकलंय.

सरावाला उतरलो होतो. पलटणीतल्या मेजरसाहेबांची कापडी होडी, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. नदीवर आडवा दोर, दोराला बांबूच्या काठ्या जोडीजोडीनं टांगलेल्या. प्रत्येक जोडीतून होडी काढायची, काठीला अंग लागू द्यायचं नाही. पांढऱ्या जोडीतून धारेबरोबर, तांबड्या जोडीतून वळून धारेच्या उलट. साहेबांनी विलायतेत असली शर्यत पाहिली आणि आमच्या मुळा नदीवर आणली. तीन वर्षं झाली. पहिली दोन वर्षं माझा थोरला भाऊ ज्योतीदादा पहिला. गेल्या वर्षी मी. सांगवीत म्हणतात, शर्यतीची ढाल तरीवाल्यांच्या, म्हणजे आमच्या, घरी गहाण पडलीय.

चौथी जोडी तांबडी. वळलो, धार बुडाखाली शिरली, होडी पालथी. त्यात नवल नाही, शंभरदा झालीय. पण या वेळी पाय आत अडकले. डोकं खाली. तांबूस पाणी, मग तपकिरी, मग काळं. आणि आवाज – तळाचे दगड गडगडत होते, एकमेकांवर घासत, जात्यासारखे. नदी वरून बोलते ते वेगळं. आतून हे. वीस वर्षं नदीवर काढली, कुणी सांगितलं नव्हतं.

रहिमाननं दोर टाकून ओढलं. त्याचं सायकलचं दुकान आहे, होडीच्या कापडाला ठिगळं तोच लावतो. म्हणाला, "काय राव, मासे मोजत होतास का?"

हसलो. थंडी वाजतेय म्हणालो.

मंगळवार, ८ जुलै

पहाटे आई दळायला बसली. जात्याची घरघर सुरू झाली आणि मी अंथरुणातून उठून सरळ बाहेर. आई म्हणाली, "आज लवकर?" सरावाला जातो म्हणालो. गेलो नाही. वेताळाच्या देवळामागे बसून राहिलो ऊन येईपर्यंत.

शुक्रवार, ११ जुलै

आबांबरोबर तरीवर, नाव वल्हवायला. पाणी फार नाही, तरी मध्याला धार लागली की माझी बोटं वल्ह्यावर पांढरी पडतात. आबांना दिसलं का? बाप आहेत, त्यांना सगळं दिसतं. बोलत नाहीत.

सकाळच्या खेपेला कुसुम होती. साताऱ्याकडची माणसं, दोन वर्षांपूर्वी इथं आली. तिचे वडील पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात बाटल्या भरतात, ती औंधच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकते. रोज आमच्या नावेतून जाते, रोज डाव्या फळीवर बसते, डबा मांडीवर, छत्री मिटलेली. मी कॉलेज सोडलं तेव्हा सगळ्या गावानं उपदेश केला, ती एकटीच म्हणाली, "मारलंत ते बरं केलंत. पण कॉलेज त्याच्या बापाचं नव्हतं, सोडलंत कशाला?" त्या पोरानं वर्गात मला 'ए भोई, पालखी उचल' म्हटलं होतं. त्याचा दात पडला. माझं इंटर पडलं.

आज म्हणाली, "या वर्षी पण पहिले येणार ना?"

"बघू."

"बघू काय? आमच्या दवाखान्यात मी पैज लावून बसलेय. एका कंपाउंडरशी."

कंपाउंडर! दिवसभर त्या कंपाउंडरचं तोंड डोळ्यांसमोर. पाहिलेलं नसताना.

गुरुवार, १७ जुलै

अधिक महिना लागला. ज्योतीदादा सासरी जाऊन आला, नवं धोतर. त्यालाही आता कारखान्यात दोन वर्षं होत आली. त्याला विचारलं, "दादा, तू शर्यत का सोडलीस?" कधी विचारलं नव्हतं.

"शिफ्ट असते."

"रविवारी?"

त्यानं बिडी पेटवली. मग म्हणाला, "तिथं जमीन हालत न्हाई मालू. बरं वाटतं."

पुढं विचारायला हवं होतं.

रविवार, २० जुलै

सराव. पहिल्या तीन जोड्या काढल्या, चौथीपाशी होडी काठाला लावली. वल्ह्याचं पातं सैल झालंय म्हणालो. रहिमाननं पातं हलवून पाहिलं. "घट्ट हाय की. तुझाच स्क्रू ढिला झालाय, भावा." सगळे हसले. मी वल्हं फेकलं आणि त्याची गचांडी धरली. सोडवायला दोघे लागले.

तो तरीही माझ्यावर रागावला नाही. त्याचाच जास्त राग येतो.

शनिवार, २६ जुलै

मेजरसाहेब भेटले. "मालोजी, शर्यतीचं चौथं वर्ष आहे. जिंकलास तर तुझं नाव श्रीनगरला कळवतो. तळ्यावर जवानांना होडी शिकवणारा माणूस पाहिजे त्यांना. पगार, खोली, सगळं." श्रीनगरचं तळं! पाणी हलत नसेल तिथं. तिथं पोचायला मात्र खडकाळीतूनच जायचं.

पगार आणि खोली असली म्हणजे कुसुमच्या वडिलांपुढं उभा राहू शकतो. ते मराठे, आम्ही भोई. ते नाहीच म्हणतील. पण उभा तरी राहीन.

गुरुवार, ३१ जुलै

झोप नाही. डाळ शिजताना रटरटते, तेही सहन होत नाही.

आज आबा जुन्या गोष्टी काढून बसले होते. आमच्यात तीन हाळ्यांचा नेम आहे. पलीकडून कुणी 'ओऽ नाऽव' म्हणून हाळी दिली की पहिलीला उठायचं, दुसरीला दोर सोडायचा, तिसरीला नाव पाण्यात असली पाहिजे. हाळी देणारा कोण, कशाला आला, विचारायचं नाही. पुराचं पाणी असेल तर निघताना घराचं दार लावून घ्यायचं आणि मागून कुणी हाक मारायची नाही. तिसरी हाळी रिकामी गेली की त्या तरीवाल्याचं वल्हं उंबऱ्यावर मोडायचं. आबांच्या चुलत्याचं असं मोडलं होतं. नंतर तो खडकीला हमाली करायचा. नदीच्या बाजूला तोंड करून जेवला नाही म्हणे, मरेपर्यंत.

लहानपणी हे ऐकून छाती फुगायची. आज ताट तसंच ठेवून उठलो.

शनिवार, २ ऑगस्ट

उद्या.

रविवार, ३ ऑगस्ट

हरलो.

नीट लिहितो. निदान इथं तरी.

दोन्ही काठांवर माणसं. खरं तर आपल्याच काठावर. पलीकडं खडक उभा आहे, तिकडं कोण जाणार. कुसुम आईबरोबर आलेली, निळं लुगडं. आबा दिसले नाहीत. कुणी तरी म्हणालं, उतारू सोडायला पलीकडं गेलेत.

पहिल्या तीन जोड्या झाल्या. लोकांचा ओरडा ऐकू येत होता, म्हणजे चांगलं चाललं होतं. चौथी दिसली. तांबड्या काठ्या वाऱ्यानं डुलत होत्या. आणि तिथंच, खालून, होडीच्या कापडातून, मांड्यांना तो आवाज लागला. दगड.

मी वळलो. काठीकडं नाही – पलीकडच्या काठाकडं. हातच वळले. माझ्या हातांनी मला विचारलं नाही. होडी सरळ जाऊन खडकाखालच्या उथळात वाळूला टेकली. शर्यत संपली.

मग अलीकडं आणलं मला. मेजरसाहेब धावत आले. "काय झालं? का वळलास?" सगळे बघत होते. ती बघत होती. आणि माझ्या तोंडून निघालं –

"पलीकडून हाळी आली."

एक म्हातारा हसला आणि म्हणाला, "तरीवाल्याचा पोर त्यो. हाळी आली की हात वळनारच." सगळ्यांना पटलं. साहेबांनाही पटलं, पाठीवर थाप मारली. बैल जसा ओळखीच्या वाटेला वळतो तसा आमच्यातला माणूस हाळीला वळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. कुणी शंकासुद्धा घेतली नाही.

हाळी आली नव्हती. कुणी कुणाला हाक मारली नव्हती. मी भ्यालो होतो.

सोमवार, ४ ऑगस्ट

पारावर लोकांनी आबांना गाठलं. "दत्तोबा, तुम्ही पल्याडच हुता न्हवं? हाळी आली हुती का खरंच?"

मी पाराच्या मागं उभा.

आबांनी तंबाखू मळली. दाढेला धरली. "आली हुती. म्या ऐकली."

कशी ऐकली? जी झालीच नाही ती हाळी आबांनी कशी ऐकली? तेव्हापासून डोकं भणभणतंय. कदाचित आली असेल. दगडांच्या आवाजात मलाच ऐकू आली नसेल, पण हातांना आली असेल. असं होतं का? देवा, असं होऊ दे.

गुरुवार, ७ ऑगस्ट

श्रीनगरला दुसरा जाणार. पलटणीतला एक जवान पहिला आला. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.

गावात माझा मान वाढलाय! चहावाला पैसे घेत नाही. "ढाल सोडली पण हाळी सोडली न्हाई," म्हणतो. मला तो चहा गिळवत नाही. काल कप आपटला, फुटला. तो म्हणाला, "जाऊ दे, दुःख हाय मनात पोराच्या."

रहिमान तेवढा मला बघून सायकलच्या चाकात डोकं घालतो.

आज नावेत कुसुम. वल्हं आबांकडं, मी दोरापाशी. हळूच म्हणाली, "मी पैज हरले."

"किती?"

"दोन आणे. पण मी त्याला सांगितलं, हाक ऐकून जो वळला तो हरला कसा? मी माझे दोन आणे दिलेच नाहीत."

तिच्याकडं बघवेना. सांगून टाकावंसं वाटलं. नदीच्या मध्यावर, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. नाव काठाला लागली. ती उतरली. म्हणाली, "तुम्ही असे खाली बघत जाऊ नका हो. चोरी केल्यासारखं."

रविवार, १० ऑगस्ट

तीन दिवस झड. वर मावळात धो धो आहे म्हणतात. पवनेवरचा फरशीपूल काल पाण्याखाली गेला. ज्योतीदादा तिकडंच अडकला, कुसुमचे वडीलही. आमची सांगवी म्हणजे दोन नद्यांच्या मधली जीभ. पवना अडली की जगात जायची वाट एकच, आमची नाव.

पाण्यावरून झाडं वाहत येतायत, मुळांसकट. मी घाटाकडं जात नाही. पाठ दुखतेय म्हणून सांगितलंय.

सोमवार, ११ ऑगस्ट

कुसुमच्या आईला, सावित्रीबाईंना, न्यूमोनिया. छाती भात्यासारखी चालते. अंबूबाई सुईण बघून गेली, म्हणाली, हे माझ्या काढ्यानं उतरायचं नाही. पेनिसिलिनच्या सुया लागतील. म्हणजे बघा – वडील पिंपरीत रोज त्याच बाटल्या भरतात, दीड कोसावर, आणि घरात एक नाही! मधे पवना.

दुपारी कुसुम घाटावर आली. "आबा, मला पलीकडं सोडाल? दवाखान्यातून सुया घेऊन येते."

आबांनी पाण्याकडं बघितलं, मग आभाळाकडं. माझ्याकडं बघितलं नाही. "चल," म्हणाले.

मी म्हणालो, "आबा, मी –"

"तुजी पाठ दुखतीया न्हवं. ऱ्हा."

रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मोठी नाव ठेवून लहान डोण काढली. मी काठावर. घरात पाठीचं दुखणं घेऊन बसलो नाही, एवढाच पराक्रम. कुसुम डाव्या बाजूला बसली. दोर सुटताना माझ्याकडं वळून म्हणाली, "सावित्रीबाईंच्या तोंडात पाणी घालत राहा म्हणावं शेजारणीला. उद्या सकाळी येते. आणि ऐका – पाणी याहून वाढलं तर मी हाळी देणार नाही. कुणाच्या जिवावर बेतेल असं नको. वाट बघू नका."

आईला सावित्रीबाई म्हणाली. दवाखान्यात सवय लावतात वाटतं, रडू येऊ नये म्हणून.

ती पोचली. आबा परतताना एक वाहतं खोड डोणीला लागलं. आबांनी खांदा आडवा घातला. डोण वाचली, खांदा गेला. घाटावर मी त्यांना उचललं. केवढे हलके झालेत आबा.

आई मिठाच्या पुरचुंडीनं शेकत बसलीय. आबांचा डावा हात गळ्यात बांधलाय. पाणी वाढतंय. घाटाच्या सात पायऱ्या होत्या दिसत, आता तीन.

ती हाळी देणार नाही. तसं म्हणालीच आहे. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघतोय आणि मला सुटल्यासारखं वाटतंय. सावित्रीबाई घरात मरतायत आणि मला सुटल्यासारखं वाटतंय. असा माणूस आहे मी. लिहून ठेवतो.

मंगळवार, १२ ऑगस्ट. सकाळ.

पहिली हाळी आली. तिचीच. शेवटचा 'व' ती सोडत नाही, लांबवते, मी झोपेतही ओळखीन.

देणार नाही म्हणाली होती. तरी दिली.

आबा उठले. उजव्या हातानं खुंटीवरचं वल्हं काढलं. मी म्हणालो, "एका हातानं कसे जाल?"

"तू बस. लिवत बस."

उंबऱ्याशी थांबले. पाठ माझ्याकडं. "त्या दिशी पल्याड म्या एकलाच हुतो, मालू. हाळी कुनी दिली न्हवती."

म्हणजे आठ दिवस आबा माझ्यासाठी खोटं बोलत होते. गावापुढं, पारावर, तंबाखू मळत.

तेच पुढं म्हणाले, "दगड वाजत्यात खाली. ऐकलंस न्हवं? म्या बी ऐकल्यात. सोळा वर्षांचा हुतो. आजून वाजत्यात, दर पावसाळ्याला."

मी कुणालाही सांगितलं नव्हतं दगडांचं. या वहीशिवाय कुणालाही. आबांना वाचता येत नाही.

दुसरी हाळी.

वल्हं धरलं मी. क्षणभर त्यांनीही धरून ठेवलं, मग सोडलं. आई वल्ह्याला लावायला हळदकुंकू आणायला आत गेलीय, तेवढ्यात हे लिहितोय. भीती गेलेली नाही. अक्षर बघितलं तरी कळेल. पाणी पाराला लागलंय. रहिमान घाटावर दोर घेऊन उभा आहे, त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

परत आलो तर कुसुमला सांगायचं आहे, हाळी नव्हती म्हणून. दोन आणे देऊन टाक म्हणावं.

आई आली. आबा आत बसलेत, भिंतीला टेकून. मागून हाक मारू नका म्हणालो.

वही फळीवर ठेवतो. आजवर हे दार आबा बाहेरून लावायचे आणि मी आत असायचो. आज मी ओढून घेतो.